मासे नाहीत म्हणून हिंसा नाही?



चातुर्मास जवळ आला की आपल्या मंडळाच्या ग्रुपवर पाण्याचे मेसेज सुरू होतात. गाळणं किती पदरी हवं, गाळलेलं पाणी दोन घडी म्हणजे ४८ मिनिटं चालतं, उकळलेलं किती वेळ चालतं, वगैरे. यंदा त्या मेसेजांच्या मधेच कुणीतरी कासाडी नदीत पोट वर करून तरंगणाऱ्या माशांचा फोटो टाकला. त्याखाली एका भगिनीनं लिहिलं, “वाईट वाटतं, पण एका अर्थी बरंच. नदीत मासे नसतील तर मासे मारण्याचं पापही होणार नाही.” त्यावर बऱ्याच जणींनी हात जोडले.

मी हात जोडले नाहीत. ग्रुपवर वाद घातला नाही, कारण चार ओळींत मावणारी ही गोष्ट नव्हे. म्हणून इथे लिहिते आहे, आणि जरा कडकच लिहिणार आहे. ती भगिनी माझ्या ओळखीची आहे, मनानं चांगली आहे. पण हे वाक्य चांगलं नाही. एखाद्या गावातली सगळी बाळं पाळण्यातच मेली, म्हणून त्या गावात आता खून होत नाहीत असं आपण म्हणू का?

पाळण्याची उपमा मी उगीच दिलेली नाही. पाणी आंबट झालं की नदीत सगळ्यात आधी मरतो तो पाळणाच.

आधी कासाडी कुठली ते सांगते, कारण खारघरमध्ये पंधरा-वीस वर्षं राहूनही अनेकींना ती माहीत नाही. आपली मेट्रो बेलापूरहून खारघरमधून पेंधरपर्यंत जाते, २०२३ च्या नोव्हेंबरात सुरू झाली तीच. पेंधरला उतरलं की पलीकडे तळोजा एमआयडीसी. रसायनं, रंग, औषधं, लोखंड, आणि हो, परदेशी पाठवायची मासळी साफ करून गोठवणारे कारखानेसुद्धा. या वसाहतीच्या कडेनं कासाडी वाहते आणि पुढे पनवेलच्या खाडीकडे जाते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्यातल्या निळ्या कुत्र्यांचे फोटो जगभर गेले होते ते आठवत असेल. अंगावर निळा रंग चढलेली भटकी कुत्री. तेव्हा एका कारखान्यावर कारवाई झाली, टीव्हीवर आठवडाभर चर्चा झाली. कुत्रा निळा झालेला दिसतो, म्हणून सगळ्यांना दिसला. पाण्यातला जीव मरताना रंग बदलत नाही. कासाडीचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत आणि पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि तेही इथल्याच मासेमारी करणाऱ्या समाजातल्या माणसानं नेलं. आपल्यासारख्या जीवदया पाळणाऱ्यांपैकी कुणी नेलं नाही. हे मला टोचतं, म्हणून तुम्हालाही टोचावं अशी इच्छा आहे.

माझ्याकडे भाजी घेऊन येणाऱ्या मावशी तिकडच्याच एका आगरी गावातल्या. त्यांनी मला निवटे, चिवणी, बोईट, जिताडा ही नावं सांगितली. आमच्या घरात या नावांचा संबंध कधी आला नव्हता. पण ज्या जिवांना वाचवायचं म्हणतो त्यांची नावंही ठाऊक नसावीत, हे काही बरोबर नाही.

आता आंबटपणाविषयी. मी कॉमर्सची पदवीधर, रसायनशास्त्र शाळेपुरतंच. पण माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं, शेतीचं. वडील माती तपासून आणायचे तेव्हा त्या कागदावर पहिला आकडा ‘सामू’चा असायचा. इंग्रजीत त्यालाच पीएच म्हणतात. सात म्हणजे ना आंबट ना खारट-तुरट, मधोमध. सातच्या खाली आम्लधर्मी, सातच्या वर अल्कधर्मी. लिंबाचा रस दोनच्या आसपास, ताक साधारण साडेचार, खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवला तर आठच्या थोडा वर.

या मापात एक खोच आहे आणि सगळं फसतं ते तिथेच. हे माप आपल्या तराजूसारखं नाही. सातावरून सहावर आलं तर आम्लता दहापट होते, पाचवर आलं तर शंभरपट, चारवर हजारपट. म्हणजे ‘सात होता, साडेपाच झाला, दीडचाच तर फरक’ असं जो म्हणतो तो खरं म्हणजे ‘तीसपट झाली’ असं म्हणत असतो. व्याज सरळ आहे की चक्रवाढ हे न विचारता कर्जाच्या कागदावर सही करावी, तसं हे.

पाण्याला स्वतःची थोडी सहनशक्ती असते. त्यात चुन्याच्या जातीचे क्षार विरघळलेले असले की ते येणारं आम्ल गिळून टाकतात आणि सामू हलत नाही. म्हणून सुरुवातीला नदी ठीक वाटते. घरात एखादी बाई सगळं पोटात घालत असते आणि बाहेरून संसार सुखाचा दिसतो, तसंच. क्षार संपले की मात्र थोड्याशा आम्लानंही सामू धाडकन खाली येतो. कोकणातल्या धुवाधार पावसानं धुऊन निघालेल्या तांबड्या जमिनीत असा चुना मुळातच कमी.

मग मरतं कोण आणि कसं? हे मला नीट सांगायचं आहे, कारण आपण पाठशाळेत मुलांना एकेंद्रिय ते पंचेंद्रिय घोकून घेतो आणि आम्ल बरोबर त्याच शिडीनं खालून वर चढतं.

पाठशाळेच्या पुस्तकात द्वींद्रियाचं पहिलं चित्र कशाचं असतं? शंख आणि शिंपल्याचं. पाण्याचा सामू सहाच्या खाली जायला लागला की सगळ्यात आधी त्यांच्यावर येतं. त्यांचं कवच चुन्याचं. आंबट पाण्यात ते बनायला जड जातं आणि बनलेलं झिजतं. शहाबादी फरशीवर लिंबाचा रस सांडला की तिथला गुळगुळीतपणा जातो, ते आपण पाहिलेलं आहे. त्या गोगलगायीचं घरच तसं विरत जातं, ती आत असताना. त्याच सुमाराला पाण्यात वाढणाऱ्या कितीतरी किड्यांच्या अळ्या, पाण्यातले बारीक पिसूसारखे जीव, झिंग्यांच्या जातीचे लहान जीव कमी होतात. हेच माशांच्या पिल्लांचं अन्न.

मग अंडी. हे वाचल्यावर माझ्या मनातून ते जाईना. माशाच्या अंड्याचं आवरण आतून मऊ करणारा एक रस पिल्लाच्या अंगातून सुटतो आणि मग ते आवरण फोडून बाहेर येतं. पाणी आंबट असलं की तो रस काम करत नाही. पिल्लू पूर्ण वाढलेलं असतं, आत हलत असतं, पण दार उघडत नाही. सामू पाचच्या आसपास आला की बहुतेक जातींची अंडी फुटत नाहीत. बेडकांच्या अंड्यांचंही तसंच.

मोठा मासा अजून पोहत असतो. त्याचं मरण वेगळं. मासा गोड्या पाण्यात राहतो, पण त्याच्या रक्तात मीठ असतं आणि ते धरून ठेवण्याचं काम कल्ले करतात. आम्ल वाढलं की कल्ल्यांतून मीठ गळायला लागतं. उन्हाळ्यात जुलाब झालेल्या माणसाला आपण मीठ-साखरेचं पाणी देतो, का? शरीरातलं मीठ गेलं की माणूस गळतो म्हणून. मासा तसा पाण्यात असतानाच गळून मरतो. त्याला मीठ-साखर कोण देणार?

आणि आम्ल एकटं येत नाही. कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ताक किंवा आमसुलाचं सार ठेवलं तर ते कळकतं, हे आपल्या आज्या जाणत होत्या. आंबट पदार्थ धातूला ओढून काढतो. नदीच्या गाळात आणि काठच्या मातीत धातू पडलेलेच असतात. पाण्याचा सामू सातला असतो तोवर ते बरेचसे गाळात बसून राहतात. पाणी आंबट झालं की सगळी नदी कळकते. मातीतलं ॲल्युमिनियम सुटून पाण्यात येतं, माशांच्या कल्ल्यांवर बसतं, कल्ले बुळबुळीत चिकट होतात आणि भोवती पाणीच पाणी असताना मासा गुदमरतो. कासाडीचा आजार काही एकट्या आम्लाचा नाही. रंग आहेत, क्षार आहेत, सांडपाणी आहे, प्राणवायू कमी पडणं आहे. पण आम्ल बाकीच्या विषांना आत घेणारं दार आहे.

इथे एक गोष्ट नमूद करते, नाहीतर कुणी म्हणेल की मग भरपूर सोडा ओता. उलट बाजूही तितकीच वाईट. सामू नऊच्या वर गेला की सांडपाण्यातल्या निरुपद्रवी अमोनियमचा विषारी अमोनिया होतो. जलचरांना दोन्हीकडून मर्यादा आहे.

आता एक परदेशातलं उदाहरण देते, कारण आपल्याकडे नदी एकदम दहा कारणांनी मरते आणि प्रत्येक कारखानदार दुसऱ्याकडे बोट दाखवतो. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात संशोधनासाठी राखून ठेवलेली तळी आहेत. डेव्हिड शिंडलर नावाच्या शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७६ पासून तिथल्या २२३ क्रमांकाच्या तळ्यात मुद्दाम थोडं थोडं गंधकाम्ल घातलं. दुसरं काहीही नाही. सामू ६.८ होता, तो काही वर्षांत पाचपर्यंत उतरवला. (मुद्दाम तळं मारण्याचा प्रयोग मला पटत नाही, ते सोडा. पण आपण प्रयोगाचं नावही न घेता नद्या मारतो.) त्यात काय दिसलं? सामू सहाच्या जरा खाली गेला तेव्हाच तळ्यातले झिंग्यासारखे छोटे जीव नाहीसे झाले आणि एका लहान माशाची वीण थांबली. मोठा ट्राउट मासा तेव्हाही होता. वरून बघणाऱ्याला तळं जिवंत. पण त्याचं अन्न असलेले लहान जीवच गेले होते. तो हळूहळू हडकत गेला आणि त्याची नवी पिल्लं दिसेनाशी झाली. आम्लानं थेट मरण्याआधी तो उपासमारीला लागला.

नॉर्वेच्या दक्षिण भागातल्या नद्यांतून साल्मन असाच गेला, कारण इंग्लंड आणि युरोपातल्या धुराड्यांचं गंधक पावसाबरोबर त्यांच्याकडे पडत होतं. स्वीडननं हजारो तळ्यांत वर्षानुवर्षं चुना टाकला. ज्याचा धूर त्याचा नफा आणि चुन्याचा खर्च शेजाऱ्याचा. हिशेब लिहिणारी कुणीही बाई सांगेल की खर्च दुसऱ्याच्या वहीत टाकला तर आपला ताळेबंद सुंदर दिसणारच.

पण २२३ क्रमांकाच्या तळ्याची पुढची गोष्टही सांगायला हवी. आम्ल घालणं कमी केलं तेव्हा सामू चढू लागला आणि थांबलेली वीण काही जातींत पुन्हा सुरू झाली. म्हणजे ‘आता काय उरलंय त्या नाल्यात’ हे म्हणणं आळशीपणाचं आहे.

आता त्या लाडक्या वाक्याकडे येते: ‘आमचं सगळं मर्यादेत आहे.’

मर्यादा काय आहे ते बघा. देशाच्या पर्यावरण नियमांत कारखान्याच्या सांडपाण्यासाठी सामूची सर्वसाधारण मर्यादा ५.५ ते ९ आहे. आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्याच वर्गवारीत मासे आणि जलचर जगण्यासाठी पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ हवा. म्हणजे सोडायला परवानगी ५.५ ची आणि जगायला लागतात ६.५. आकड्यात एकचाच फरक. पण आधी सांगितलं ते माप आठवा, हा फरक दहापटीचा आहे. यावर उत्तर ठरलेलं असतं की नदीचं स्वच्छ पाणी त्यात मिसळतं आणि सौम्य होतं. आषाढात होत असेल. फाल्गुन-चैत्रात कासाडीत मिसळायला स्वच्छ पाणी असतं कुठे? तेव्हा त्यात जे वाहतं ते बरंचसं आपण सोडलेलंच असतं. तांब्याभर दुधात चमचाभर दही टाकणं वेगळं आणि चमचाभर दुधात तांब्याभर दही टाकणं वेगळं.

दुसरी लबाडी सरासरीची. नमुना दिवसा घेतला, सामू ७.२ आला, कागद फाइलला लागला. रात्री दोन तास आंबट पाणी सुटलं त्याचा नमुना कुणी घेतला नाही. महिन्याची सरासरी उत्तम. माझ्या खात्यात महिनाभर सरासरी वीस हजार शिल्लक होती, पण ज्या दिवशी चेक आला त्या दिवशी दोनशेच होते, तर बँक चेक परत करते की सरासरी बघून पास करते? मासा सरासरीवर जगत नाही. एका रात्रीत मेलेला मासा दुसऱ्या दिवशी सामू साडेसात झाला म्हणून उठून बसत नाही.

आणि दंड. २०२४ मध्ये संसदेनं जलप्रदूषणाच्या १९७४ च्या कायद्यात दुरुस्ती केली. प्रदूषणाच्या काही गुन्ह्यांतली तुरुंगवासाची शिक्षा काढून दहा हजार ते पंधरा लाख रुपये दंड ठेवला. राज्यांनी ठराव करून ती स्वीकारायची आहे. आम्ल निष्प्रभ करायला चुना लागतो, टाक्या लागतात, माणसं लागतात, रोजचा खर्च आहे. तो खर्च वर्षाला पंधरा लाखांहून जास्त असेल तर साधा हिशेबनीस मालकाला काय सल्ला देईल? मी तो सल्ला कधी देणार नाही, पण आकडेमोड मला येते.

इथवर वाचून काही जणी म्हणतील, कारखान्यांचं कशाला, आधी आपल्या मोरीतली ॲसिडची बाटली बघा. बघू या. दारावर विकायला येणारं ते फरशीचं ॲसिड, संडास साफ करायची बाटली, दोन्हींत मीठाम्ल असतं. ते वापरू नका असंच माझंही मत आहे. श्वासाला वाईट, हाताला वाईट, कामाला येणाऱ्या बाईच्या तर फारच वाईट, आणि ब्लिचिंग पावडरमध्ये मिसळलं तर विषारी वायू होतो. पण म्हणून कासाडी तुमच्या मोरीमुळे आंबट झाली असं मी मुळीच म्हणणार नाही. घरच्या सांडपाण्यात साबण-सोडा असतो, त्यात तेवढं आम्ल बहुधा जिरून जातं. लोखंडाचा गंज उतरवायला जे आम्लाचे हौद लागतात, रंग बनवताना जे गंधकाम्ल लागतं, त्याच्यापुढे आपली बाटली म्हणजे काहीच नाही. प्रत्येक गोष्टीचं पाप स्वयंपाकघरावर आणून टाकायचं आणि बाईला अपराधी वाटायला लावून मोठ्या माणसांना मोकळं सोडायचं, या लेखनाचा मला कंटाळा आला आहे.

आपला दोष दुसरा आहे, आणि तो मोठा आहे. आपण पाण्याची काळजी नळापासून हंड्यापर्यंतच करतो.

आपल्या परंपरेत असं नव्हतं. लहानपणी शिरोळकडे आजीला जिवाणी करताना मी पाहिलं आहे. खारघरच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या सुनांसाठी सांगते: पाणी गाळलं की गाळण्यात जे सूक्ष्म जीव राहतात ते मोरीत झटकायचे नाहीत. गाळलेल्याच पाण्यानं गाळणं उलटं करून धुवायचं आणि ते धुवण जिथून पाणी आणलं तिथेच परत सोडायचं. विहिरीत वरून ओतायचं नाही, आपटून जीव मरतील. खाली पाण्याला टेकल्यावरच उलटी होईल अशी कडीची बादली असायची. आणि मुख्य म्हणजे ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत. नदीच्या पाण्याची जिवाणी विहिरीत नाही, एका विहिरीची दुसरीत नाही. कारण एका पाण्याचा जीव दुसऱ्या पाण्यात तगत नाही.

हे वाक्य पुन्हा वाचा. आजीला सामू हा शब्द माहीत नव्हता. पण पाण्याची प्रकृती पाण्यागणिक वेगळी असते, आणि ती बदलली की त्यातला जीव मरतो, म्हणून पाण्यात पाणी मिसळतानासुद्धा हिंसा होऊ शकते, हे तिला पक्कं माहीत होतं. असं शिकवणाऱ्या घरातल्या आपण. आपल्या नळाला हेटवण्याच्या धरणाचं पाणी येतं, जिवाणी परत सोडायला आपण पेणला जाणार नाही, ते शक्यच नाही. पण त्या नियमाचा अर्थ तरी उरला पाहिजे. पाणी घेतलं तिथली जबाबदारी जशी आपली, तशी सोडलं तिथलीही.

आणि आता जे लिहिते त्यानं काही जणी रागावतील. रागवा.

रसायनं, रंग, औषधांची मूळद्रव्यं, या धंद्यांत आपली माणसं आहेत. आपले नातेवाईक आहेत. त्यांच्यातले कितीतरी नेकीनं सांडपाणी शुद्ध करतात, त्यांच्याविषयी मला काही म्हणायचं नाही. पण पंचकल्याणकाचा सवाल पुकारला जातो तेव्हा आकडा ऐकून आपण टाळ्या वाजवतो, रात्री पाणी कुठे सोडता हे कुणी विचारत नाही. आपल्या श्वेतांबर बहिणी पंधरा कर्मादानं म्हणतात, श्रावकानं करू नयेत असे धंदे. त्यात विषाचा व्यापार आहे आणि तळी-सरोवरं सुकवणंही आहे. ज्या काळात पाणी मारायचा एकच मार्ग होता, ते उपसून टाकणं, त्या काळात तो निषिद्ध ठरवला गेला. आज पाणी जागेवर ठेवून त्यातलं जगणं काढून घेता येतं. हे त्या यादीत बसत नाही असं कुठल्या तोंडानं म्हणणार? सूर्यास्ताला चौविहार आणि रात्री व्हॉल्व उघडा, याला मी धर्म म्हणणार नाही.

‘आपण मासे खात नाही, मग मासे असले काय नसले काय’ हे जे मनात खोल असतं, त्याचीही लाज वाटली पाहिजे. खाणाऱ्याला निदान माशाची गरज असते, म्हणून तो नदी मेल्यावर ओरडतो. आपण खात नाही म्हणून गप्प बसलो, तर आपली अहिंसा म्हणजे नुसती बेफिकिरी ठरेल. तळोज्यात एका बाजूला दूरच्या समुद्रातली मासळी गोठवून परदेशी जाते आणि बाजूच्या नदीकाठचा माणूस रिकामं जाळं घेऊन घरी येतो. त्याच्या धंद्याला आपला विरोध असेल. पण त्याची नदी मारायचा अधिकार आपल्याला, आपल्या पाहुण्यांना, कुणालाच नाही.

मग करायचं काय? खारघरमध्ये दारूची दुकानं नकोत म्हणून इथल्या बाया वर्षानुवर्षं भांडल्या आहेत, तेव्हा आम्हाला कोण विचारतं हे कारण चालणार नाही. मी मंडळाच्या अध्यक्षांना तीन गोष्टी लिहून दिल्या आहेत. एक, मोठं दान स्वीकारताना दात्याचा कारखाना असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्राची प्रत मागायची. संमतिपत्रात किती सांडपाणी, कुठे सोडायचं, हे लिहिलेलं असतं. मागायला संकोच कसला, मुलीचं लग्न ठरवताना आपण यापेक्षा जास्त चौकशी करतो. दोन, पाठशाळेतल्या मोठ्या मुलांना वर्षातून एकदा नदीवर न्यायचं, पाण्यात न उतरवता, लांबून. तीन, सामू मोजायच्या कागदी पट्ट्या. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतात, महाग नाहीत. पाण्यात बुडवायची, रंग बदलतो, डबीवरच्या रंगाशी ताडून बघायचं.

पट्टीनं काय सिद्ध होणार, असं अध्यक्षांनी विचारलं. कोर्टात सिद्ध काहीच होणार नाही, तिथे मंडळाचाच नमुना लागतो. पण ‘पाण्याला वास येतो’ ही तक्रार आणि ‘अमुक तारखेला पहाटे साडेपाचला, अमुक पुलाखाली, पाण्याचा रंग असा, सामूची पट्टी अशी, सोबत फोटो’ ही तक्रार, यांत फरक आहे. दुसरीला उत्तर लिहावं लागतं. तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नवी मुंबईच्या प्रादेशिक कार्यालयाकडे लेखी द्यायची, पोच घ्यायची, आणि तारखांची एक वही ठेवायची. वही मी ठेवीन, तेवढं मला जमतं. उजेड पडल्यावर, दोघी-तिघींनी मिळून, पुलावरूनच, दोरीला बांधलेल्या डब्यात पाणी घेऊन बघायचं. हातमोजे घालायचे आणि पाण्याला हात लावायचा नाही. पहिल्या पावसानंतरचे चार-पाच दिवस चुकवू नका, रहिवाशांच्या तक्रारी त्याच दिवसांत जास्त असतात. पट्ट्यांच्या चार डब्या आणून ठेवल्या आहेत. सेक्टर १२ च्या बाजूच्या ज्यांना यायचं आहे त्यांनी मला फोन करा, बाकीच्यांनी आपापल्या सोसायटीत दुसरी एक तरी शोधा, एकटीनं जाऊ नका.